दोन मजल्यांच्या मधे

बाईंनी फ्रिज उघडला आणि मामाचा जीव टांगणीला लागला. आत दूध होतं, अंडी होती, धुऊनपुसून ठेवलेल्या भाज्या होत्या, एका डब्यात सोललेली संत्री होती. इतका भरलेला फ्रिज त्या घरानं कधी पाहिला नव्हता. बाईंनी दार लावलं, न्हाणीघरात डोकावून औषधांचं कपाट मुलीच्या हाताला लागत नाही ना ते पाहिलं. मामा त्यांच्या मागे मागे फिरत होता आणि आपल्याच घरात आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

बाई नगरपालिकेच्या बालसंरक्षण विभागातल्या. एखादं मूल आईबापांपासून दूर ठेवावं लागलं, की ते कुठे राहतं, कसं राहतं, हे पाहायचं काम त्यांचं. मामा लिफ्ट दुरुस्त करणारा, एकटा जीव. आणि जिच्यासाठी ही सगळी उलथापालथ चालली होती ती त्याची भाची बाहेरच्या खोलीत खुर्चीवर गुडघे जुळवून बसली होती. पाय फुटल्यापासून पोरगी एका जागी टिकली नव्हती, म्हणून घरातल्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आज मात्र फोटो काढायला बसवल्यासारखी ती बसली होती.

गेल्या हिवाळ्यात तिची आई तिला आत ठेवून, घराला बाहेरून कुलूप लावून गेली ती परत आलीच नव्हती. मामानं कुलूप तोडून पोरीला बाहेर काढलं. आई पुढे सापडली, आणि आता व्यसनमुक्ती केंद्रात होती. पण त्या बंद घरात काय झालं, किती वेळ गेला, भिंगरीनं काय खाल्लं, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारून झालं, समुपदेशकांनी बाहुल्या मांडून विचारून झालं, शाळेतल्या बाईंनी जवळ घेऊन विचारलं. प्रत्येकापुढे पोरीची मान खाली. मामानं एकदाच विचारलं होतं आणि तिचा चेहरा पाहून कानाला खडा लावला होता.

"हिची झोपायची जागा कुठली?" बाईंनी विचारलं.

मामानं आतली खोली दाखवली. पलंगावर कोरी चादर होती, तिच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. समोरच्या काकूंनी उसने दिलेले पडदे होते. खेळणी टोपलीत, टोपली कोपऱ्यात, कोपरा लखलखीत. दोन दिवस घासूनपुसून त्यानं घराचा पार कायापालट केला होता. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली होती, आणि भिंगरीचं छोटं पिवळं हेल्मेटही. हेल्मेट तर सगळ्यात आधी. शाळा सुटल्यावर तिला सांभाळायला कुणी नसेल तेव्हा मामा तिला कामावर घेऊन जायचा, आणि ही गोष्ट नगरपालिकेला कळली तर आपली धडगत नाही हे सांगायला त्याला कुणाची गरज नव्हती.

"घर फार स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम." मामा खुलला. "मला स्वच्छतेची आवडच आहे."

बाईंनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे. "इथे मूल राहतं असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोचणं नव्हतं, पण मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर येऊन त्या भिंगरीसमोर जमिनीवरच बसल्या. तशा त्या प्रेमळ होत्या. वय फार नव्हतं, केस घाईत बांधलेले, पर्सचा पट्टा तुटून गाठ मारलेला.

"काय गं, इथे कसं वाटतं तुला?"

"मला इथे खूप आवडतं," भिंगरी म्हणाली. "मामा माझी उत्तम काळजी घेतात."

ते 'घेतात' ऐकून मामालाच लाज वाटली. आजवर तिच्या तोंडी 'ए मामा' शिवाय दुसरं काही आलं नव्हतं. काल संध्याकाळी त्यानं तिला समोर बसवून सगळं पाठ करून घेतलं होतं. काय सांगायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही सांगायचं. कामावरचं नाही. आईची आठवण येते हे नाही. रडतेस ते तर अजिबातच नाही. पोरगी शहाणी, तिनं अक्षरन् अक्षर धरून ठेवलं होतं.

"आईची आठवण येते?"

"नाही."

"मामा रागावतो कधी?"

"नाही. मामा माझी उत्तम काळजी घेतात."

बाईंनी मामाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. नियमच होता तसा, मुलीशी एकटीशी बोलायचं. मामा जिन्यापाशी जाऊन उभा राहिला, मग खाली बसला, मग परत उठला. दाराआडून बाईंचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. भिंगरीचा आवाज काही आला नाही. काकूंनी दार किलकिलं करून खुणेनं विचारलं, काय झालं. मामानं खांदे उडवले.

दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

"ती बोलत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याशी तरी बोलते का? त्या दिवसांबद्दल?"

मामानं मान हलवली. नाही.

"हे बघा, तुमच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण सोमवारी बैठक आहे. मुलांना सांभाळायचं रीतसर शिक्षण घेतलेलं एक कुटुंब आमच्याकडे आहे. दुसऱ्या गावात आहे, चांगली माणसं आहेत. तिथे तिला बोलतं करता येईल. जे आत साठतं ना, ते आतच राहिलं तर पुढे फार त्रास होतो. घर स्वच्छ ठेवणं वेगळं आणि हे वेगळं."

"मॅडम, मी शिकेन की. काय शिकायचं ते सांगा. मी रात्रीची कामं सोडलीत, विचारा हवं तर आमच्या साहेबांना. मी..."

"सोमवारी कळवते," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. बाई आत गेल्या, दार सरकून बंद झालं.

मामा दारातच उभा राहिला. भांडणं, हातापाया पडणं, धावत खाली जाऊन अजून एकदा सांगणं, असं सगळं एकदम त्याच्या डोक्यात येत होतं, आणि त्यातलं एकही त्याला करता येत नव्हतं. तेवढ्यात खालून 'कट' असा एक बारका आवाज आला. इतर कुणाच्या तो कानावरही पडला नसता. मामानं डोळे मिटले.

तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप. दुसरं काही असणंच शक्य नव्हतं.

त्या मजल्यावरून जाताना लिफ्ट किंचित हिसका द्यायची. कित्येक वर्षं देत होती, कुणाची तक्रार नव्हती. पण काल रात्री घर चकचकीत करून झाल्यावरही मामाचं चित्त थाऱ्यावर येईना, तेव्हा तो हत्यारं घेऊन खाली गेला आणि दाराच्या कुलपाची पट्टी घासून, इवलीशी सरकवून आला. मॅडमना हिसका बसायला नको! चालत्या लिफ्टला उगाच हात लावायचा नाही, हे तो नव्या पोरांना दरडावून सांगत असे. आता पट्टी निसटली होती आणि लिफ्ट समजत होती की दार उघडं आहे. बाई तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे लटकत होत्या.

धोक्याची घंटा वाजली. थांबली. मग न थांबता वाजतच राहिली.

मामा आणि त्याच्या मागे भिंगरी, दोघं धडाधडा जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर आले. मामानं दाराला तोंड लावलं.

"मॅडम! घाबरू नका, मी आहे इथे. लिफ्ट सुरक्षित आहे, खाली पडत नसते."

"दार उघडा." आतला आवाज ओळखू येत नव्हता. "दार उघडा आधी. मला... मला बंद जागेचा त्रास आहे. श्वास घेता येत नाहीये."

"उघडतो. आधी वर जाऊन हातानं लिफ्ट मजल्याला लावावी लागते, मग दार उघडतं. लगेच होतं."

पण तो हलला नाही. अशा वेळी दोन माणसं लागतात. एक वर यंत्रापाशी, दुसरा दाराशी बोलायला. अडकलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, हा मामाचा नेम होता. माणूस एकटा पडला की दार ओढायला लागतो, वरची झडप उघडायला बघतो आणि जिवाचं काहीतरी करून घेतो. त्याचा जोडीदार आज सुट्टीवर होता. काकूंना ऐकू कमी येत होतं. वर जावं तर बाई एकट्या, थांबावं तर लिफ्ट हलणार कशी!

"तू जा मामा," भिंगरी म्हणाली. "मी बोलते."

मामानं तिच्याकडे पाहिलं. जिला कामावर नेतो हे लपवायला दोन दिवस घालवले, तिलाच आता कामाला लावायचं होतं. आणि तेही कुणासमोर!

"पायरीवर बस. दाराला हात लावायचा नाही."

"माहितीये."

तो एकेका ढांगेत दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला, यंत्राच्या खोलीचं कुलूप काढलं, मुख्य खटका पाडला. सगळी घरघर थांबली. एका हातानं ब्रेकचा दांडा आणि दुसऱ्या हातानं मोठं चाक धरलं. दोरांवर पिवळ्या रंगाच्या खुणा केलेल्या असतात, खूण कडेला आली की लिफ्ट मजल्याला लागली असं समजायचं. एकटं माणूस आत असलं की दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन भारी पडतं, त्यामुळे लिफ्ट वर न्यायला जोर लागत नाही. ब्रेक सैल करायचा आणि चाक फक्त सांभाळायचं. मामानं दांडा दाबला. चाक फिरू लागलं.

आणि दोर जमिनीतून खाली जातात त्या भोकांतून त्याला भिंगरीचा आवाज ऐकू आला.

"...वर फटी असतात, हवा येते. श्वास मोठा घ्या. दाराला हात नाही लावायचा. मी इथेच आहे, मी कुठे जात नाही. तुम्ही कुठे झोपता?"

"अं?" बाई म्हणाल्या.

"घरी. तुमची झोपायची जागा कुठली?"

"खिडकीजवळ," बाई म्हणाल्या. आवाज अजून कापत होता. "कोण आहे गं तिथे? तूच का?"

"हो, मीच. मामा वर गेलाय. तो आणतो सगळ्यांना. मी त्याच्याबरोबर जाते ना कामावर, माझं हेल्मेट आहे पिवळं. ते माळ्यावर लपवलंय."

मामानं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. दोन्ही हात गुंतले होते म्हणून वाचला. संपलं, त्याच्या मनात आलं. आता सोमवारची वाटही बघायला नको. चाक हळूहळू फिरत होतं, पिवळी खूण वर सरकत होती.

"तुम्ही रडताय का?" भिंगरीनं विचारलं.

"नाही गं."

"रडलं तर चालतं. मी पण अडकले होते."

दांड्यावरचा मामाचा हात सैल पडला. ब्रेक आपोआप बसला, चाक जागच्या जागी उभं राहिलं. खूण कडेपासून वीतभर खाली होती.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरी. आई म्हणाली, आलेच. मग मी दिवा लावून ठेवला, तिला दिसावा म्हणून. मग दिवा गेला. मी बिस्किटं खाल्ली, मग साखर खाल्ली. आधी मी हाका मारायचे. मग नाही मारल्या."

"का नाही मारल्यास?"

"हाक मारल्यावर कुणी आलं नाही ना, की जास्त वाईट वाटतं."

खोलीत कसलाच आवाज नव्हता. मामानं ब्रेकचा दांडा घट्ट धरला होता, दाबला नव्हता. दाबला की ब्रेक करकरतो आणि खालचं काही ऐकू येत नाही. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला गरजेपेक्षा एक क्षण जास्त अडकवून ठेवलं नव्हतं. खाली एक घाबरलेली बाई श्वासासाठी धडपडत होती, तिच्या हातात त्याच्या घरादाराचं भवितव्य होतं, आणि लिफ्ट वीतभर सरकवायचीच बाकी होती. त्यानं ती सरकवली नाही.

"आई वाईट नाहीये," भिंगरी म्हणत होती. "ती विसरते. मग मामा आला. दार उघडायला त्याला खूप वेळ लागला, कारण आईनं दोन कुलपं लावली होती. पण तो बाहेरून सारखा बोलत होता. म्हणाला, दाराला हात लावू नका, श्वास मोठा घ्या. मग त्यानं मला नाव विचारलं. माझा मामा असून!"

खालून कसलासा आवाज आला. बाई हसत होत्या की काय, मामाला कळलं नाही.

"मग तू काय केलंस?"

"मी सांगितलं नाव. मग तो म्हणाला, मी इथेच आहे, मी कुठे जात नाही. मग मला नाही भीती वाटली. तुम्हाला वाटते का अजून?"

"थोडी," बाई म्हणाल्या. "बोलत राहा."

मामाला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्या दिवसाचं त्याला कुलूप आठवत होतं, हातोडी आठवत होती, हाताला झालेली जखम आठवत होती. आपण काय बरळत होतो ते त्याच्या लक्षातच नव्हतं. तोंडात बसलेली कामाची वाक्यं होती ती. सख्ख्या भाचीला नाव विचारलं! त्याला हसू आलं आणि मग रडू आलं. बहिणीचा राग आला, तिची कीव आली, आणि यंत्राच्या त्या तेलकट खोलीत तो उभ्यानं रडला. भिंगरी बोलत होती. मधेच शाळेतल्या एका मुलीचं आलं, मग परत घरातल्या अंधाराचं आलं, नळाच्या आवाजाचं आलं. ती थांबली तेव्हाच मामानं डोळे बाहीला पुसले आणि ब्रेकचा दांडा दाबला.

खाली येऊन त्रिकोणी चावी लावून त्यानं दार उघडलं, तेव्हा बाई केबिनच्या कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. केस कपाळाला चिकटले होते. मामानं हात दिला. त्या बाहेर आल्या आणि भिंगरीशेजारी पायरीवर टेकल्या. काकूंनी पाणी आणलं. बाईंनी ते एका दमात संपवलं.

"बराच वेळ लागला तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"चाक जड होतं मॅडम," मामा म्हणाला आणि चावी खिशात टाकली.

"हिला कामावर नेता तुम्ही."

"हो."

"ते बंद करावं लागेल. शाळा सुटल्यावर हिला ठेवायला नगरपालिकेचं केंद्र आहे, त्याचं मी बघते. यंत्राजवळ मूल न्यायचं नाही."

"नाही नेणार."

"आणि हिला काय बोलायचं ते शिकवायचं नाही."

मामानं मान डोलावली. त्यांनी भिंगरीचा हात क्षणभर आपल्या हातात धरला. मग उठल्या, लिफ्टकडे एकदा पाहिलं, आणि कठड्याला धरून जिन्यानं उतरू लागल्या. एक वळण घेतल्यावर त्या थांबल्या.

"पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी येऊ की शाळेच्या?" त्यांनी वर बघून विचारलं.

"कुठे?" मामा म्हणाला.

"तुमच्याकडे."

"कधीही या," मामा म्हणाला. बाईंची पावलं खाली खाली जात राहिली.

काकू रिकामा पेला घेऊन वर गेल्या. मामा कुलपाच्या पट्टीपाशी वाकला, स्क्रू पाहिला, परत सरळ झाला. त्याला उभंही राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

"चाक जड नव्हतं," भिंगरी म्हणाली. "एकटं माणूस असलं की वर न्यायला चाक हलकंच असतं. तू वर काय करत होतास?"

मामा तिच्याशेजारी पायरीवर बसला. तिनं सरकून त्याला जागा करून दिली.

"ऐकत होतो," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

भिंगरीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग तुला परत सांगायला नको."